एका लढाऊ विमानाचा युद्धातला इतिहास कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावरात नांगरताना लागलेला पत्रा, आबाजींच्या पेटीतलं लॉगबुक, शाळेच्या आवारात चौथऱ्यावर चढवलेलं जुनं जेट, नाहीतर नुसतीच 'आपल्या तालुक्याच्या पैशानं विमान घेतलं होतं' ही ऐकीव गोष्ट. विदर्भातल्या गावांतून येणारे प्रश्न बहुतेक यातल्या एखाद्यावरून सुरू होतात. उत्तरं देताना एक विमान उदाहरण म्हणून सोबत घेतलं आहे: दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, हरिकेन आर ४११८. ते लढलं इंग्लंडच्या आकाशात, पण त्याची पन्नासेक वर्षं भारतात गेली, आणि त्याचे कागद आज बऱ्यापैकी जुळतात.

विमानाचा इतिहास म्हणजे त्या जातीच्या विमानांचा इतिहासच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. हरिकेन विमानं सुमारे १४,५०० बनली. पहिलं ६ नोव्हेंबर १९३५ रोजी उडालं, रचना सिडनी कॅम यांची, ही माहिती कुठंही मिळते. पण 'हेच' विमान कोणत्या तारखेला कोणत्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे वायुदलाच्या कोणत्या तुकडीकडे होतं, कोण घेऊन उडालं, किती वाजता उतरलं, मार कुठं खाल्ला, दुरुस्त कुठं झालं आणि शेवटी कुठं पडून राहिलं, हा झाला एका विमानाचा इतिहास. बियाण्याच्या पाकिटावरची माहिती वाचून आपल्या वावरातल्या पऱ्हाटीचा हिशेब लागत नाही, तसंच हे.

त्यासाठी कागद कोणते लागतात?

महायुद्धातल्या ब्रिटिश आणि तेव्हाच्या भारतीय वायुदलाच्या विमानांसाठी मुख्य कागद दोन प्रकारचे. पहिला फॉर्म ७८, म्हणजे विमानाच्या हालचालींचं कार्ड. याला त्या विमानाचा सातबारा आणि फेरफार समजा. कारखान्यातून कधी निघालं, कोणत्या युनिटच्या ताब्यात गेलं, दुरुस्तीला कधी गेलं, यादीतून नाव कधी कमी झालं, एवढंच त्यावर असतं. दुसरा म्हणजे स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. तिचे दोन भाग: फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा सारांश आणि फॉर्म ५४१ मध्ये एकेका उड्डाणाची ओळ. हा झाला रोजनामचा.

सातबाऱ्यावरून जमीन कुणाच्या नावावर होती ते कळतं, त्या वर्षी तिनं पीक किती दिलं ते कळत नाही. तसंच फॉर्म ७८ वरून विमान लढलं की नाही ते कळत नाही, आणि फॉर्म ५४१ वरून ते आलं कुठून हे कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवायच्या. ही जुळवणी न करता लिहिलेल्या इतिहासावर फारसा भरवसा ठेवू नये.

याशिवाय वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे फॉर्म ४१४, अपघाताचं कार्ड म्हणजे फॉर्म ११८०, देखभालीचा फॉर्म ७०० आणि वैमानिकानं उतरल्यावर दिलेला लढाईचा अहवाल. यातला फॉर्म ७०० क्वचितच टिकतो. तो रोज हँगरमध्ये हाताळला जायचा, तेल-ग्रीसचे हात लागायचे आणि काम संपलं की टाकून द्यायचे.

हे कागद आहेत कुठं? इथून मिळतात का?

ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्क्वाड्रनचे कागद 'एआयआर २७' या मालिकेत, लढाईचे अहवाल 'एआयआर ५०' मध्ये, विमानतळांच्या नोंदवह्या 'एआयआर २८' मध्ये. पहिल्या दोन मालिकांचा बराच भाग स्कॅन केलेला आहे आणि पैसे भरून उतरवून घेता येतो. तालुक्याच्या गावी बसून मोबाइलवरही हे जमतं, फक्त पानं मोठी असतात, म्हणून कॉम्प्युटर बरा. फॉर्म ७८ आणि फॉर्म ११८० लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे आहेत. तिथं विमानाचा पूर्ण क्रमांक देऊन लेखी विचारावं लागतं. 'आमच्या भागात पडलेलं विमान' एवढ्यावर काही मिळत नाही.

भारतातले कागद दिल्लीत: राष्ट्रीय अभिलेखागार, त्याचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ, आणि संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग. नागपूरच्या वायुसेना नगरला जाऊन हात हलवत परत आलेले लोक बरेच आहेत. तिथं मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. काम विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं आणि साठ्याचं, जुन्या नोंदी दाखवण्याचं नाही. एसटीचं भाडं वाचवा.

सुरुवात कोणत्या क्रमांकानं करायची? विमानावर तर दोन-तीन क्रमांक असतात.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, सरकारी अनुक्रमांक, जसा आर ४११८. हा विमानाला जन्मभर चिकटतो. दोन, स्क्वाड्रनची सांकेतिक अक्षरं. ६०५ स्क्वाड्रनची होती 'यूपी', आणि आर ४११८ होतं 'यूपी-डब्ल्यू'. ही अक्षरं विमानाची नसतात, जागेची असतात. डब्ल्यू पडलं किंवा दुरुस्तीला गेलं की येणारं नवं विमान डब्ल्यू होतं. त्यामुळे फोटोत 'यूपी-डब्ल्यू' दिसलं म्हणून ते आर ४११८ च असेल असं नाही, तारीख पाहावी लागते. तीन, कारखान्याचा क्रमांक, जो आतल्या छोट्या पट्टीवर ठोकलेला असतो.

सरकारी क्रमांकातलं अक्षर कधीही सोडू नका. १९४० च्या हरिकेनांना एल, एन, पी, आर, व्ही अशी अक्षरं होती, आणि तेच चार आकडे वेगळ्या अक्षराखाली वेगळ्याच विमानाचे असू शकतात. शिवाय शत्रूला एकूण संख्येचा अंदाज येऊ नये म्हणून मधले क्रमांक मुद्दाम गाळलेले असायचे. म्हणून 'क्रमांक ४११८ म्हणजे चार हजार एकशे अठरावं विमान' हा हिशेब चुकीचा.

आर ४११८ चा इतिहास थोडक्यात सांगाल?

थोडक्यात नको, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

बांधणी ग्लॉस्टर कंपनीच्या ब्रॉकवर्थ कारखान्यात. जात हरिकेन मार्क एक, इंजिन रोल्स-रॉइस मर्लिन ३, बारा सिलिंडर, सुमारे १,०३० अश्वशक्ती. पंखांत आठ ब्राउनिंग मशिनगन, .३०३ च्या. प्रत्येक गनला ३३० च्या आसपास गोळ्या. ट्रिगर सलग दाबून धरला तर पंधरा सेकंदांच्या आसपास सगळं रिकामं. लढाईचे अहवाल वाचताना हा आकडा डोक्यात ठेवावा. 'दोन सेकंदांची फैर' लिहिलेलं असतं तेव्हा वैमानिकानं आपल्या दारूगोळ्याचा सातवा-आठवा हिस्सा खर्च केलेला असतो.

१७ ऑगस्ट १९४० ला हे विमान ६०५ स्क्वाड्रनकडे, स्कॉटलंडमधल्या ड्रेमला आलं. ब्रिटनची लढाई, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात जर्मन वायुदलाशी झालेली झुंज, १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० अशी मोजतात, पण त्यातला जीवघेणा भाग दक्षिणेत होता. ६०५ स्क्वाड्रन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनजवळच्या क्रॉयडनला उतरली आणि तिथून आर ४११८ चं खरं काम सुरू झालं. एकूण ४९ लढाऊ उड्डाणं आणि पाच शत्रू विमानांच्या पाडावात हात, अशी त्याची नोंद सांगितली जाते. ते घेऊन उडालेल्या वैमानिकांत बॉब फॉस्टर होते, जे पुढं ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बचावात लढले. २२ ऑक्टोबर १९४० ला लढाईत विमानाला जबर मार बसला.

इथून पुढचा भाग लोक गाळतात. दुरुस्तीनंतर जानेवारी १९४१ मध्ये ते १११ स्क्वाड्रनकडे गेलं, मग ५९ आणि ५६ क्रमांकाच्या प्रशिक्षण युनिटांत. म्हणजे लढाई मोजून दोनेक महिने, आणि नवशिक्या पोरांचे धक्के त्यानंतर दोनेक वर्षं. बहुतेक लढाऊ विमानांचं आयुष्य असंच गेलं. डिसेंबर १९४३ मध्ये ते खोक्यात घालून भारताकडे रवाना झालं, प्रशिक्षणासाठी. इथं ते उडालं नाही. १९४७ मध्ये यादीतून कमी झालं आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी देण्यात आलं. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात आलेल्या पीटर व्हॅचर यांना ते तिथं उघड्यावर उभं दिसलं. बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००१ मध्ये ते इंग्लंडला गेलं आणि दुरुस्त होऊन २३ डिसेंबर २००४ ला पुन्हा उडालं. त्याची नागरी नोंदणी 'जी-एचयूपीडब्ल्यू' अशी आहे. त्यातलं यूपीडब्ल्यू कुठून आलं ते वर वाचलंतच.

फॉर्म ५४१ चं पान हातात आलं. ते वाचायचं कसं?

डावीकडून रकाने असे: तारीख, विमानाची जात आणि क्रमांक, चालक दल, कामगिरी, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ, तपशील. एका ओळीत एक विमान. बारा विमानं एकत्र उडाली तर बारा ओळी, आणि तपशील बहुधा पहिल्याच ओळीत.

आता चुका कुठं होतात ते. कारकून दमलेला असायचा, दिवसाला चार-चार वेळा स्क्वाड्रन उडायची, त्यामुळे खालच्या ओळींत 'वरीलप्रमाणे' च्या खुणा मारायचा. कधी ती खूण एका रकान्याऐवजी दुसऱ्यात सरकते आणि एकाचं विमान दुसऱ्याच्या नावावर चढतं. कधी क्रमांकातलं अक्षर गाळलेलं असतं, कधी आकडे उलटलेले. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पान स्वच्छ टाइप केलेलं असतं. स्वच्छ टाइप म्हणजे नंतर बसून केलेली प्रत. अशा वेळी वैमानिकाच्या लॉगबुकात तीच तारीख काढा. तिथं उड्डाणाचा कालावधी लिहिलेला असतो. उतरल्याच्या वेळेतून उड्डाणाची वेळ वजा करा आणि दोन्ही जुळतात का बघा. पाच-दहा मिनिटांचा फरक चालतो, चाळीस मिनिटांचा नाही. लॉगबुकातही एक अडचण आहे: बरेच वैमानिक पूर्ण क्रमांक न लिहिता नुसतं 'डब्ल्यू' लिहायचे.

जुळवणी वहीतच करा. उभे तीन रकाने आखा: फॉर्म ७८ काय म्हणतो, ५४१ काय म्हणतो, लॉगबुक काय म्हणतं. तारीख आडवी. तीनांपैकी दोन जुळले तर निळ्या शाईनं, एकच असेल तर पेन्सिलीनं. पेन्सिलीच्या नोंदी गावच्या स्मरणिकेत छापायच्या नाहीत.

फॉर्म ७८ वरची संक्षिप्त अक्षरं कळत नाहीत.

नेहमी लागणारी तेवढी सांगतो. 'एमयू' म्हणजे देखभाल आणि साठ्याचं युनिट, 'ओटीयू' म्हणजे लढाऊ प्रशिक्षणाचं युनिट, 'एसओसी' म्हणजे यादीतून कमी, 'एफटीआर' म्हणजे कामगिरीवरून परतलं नाही. १९४१ पासून नुकसानीचे वर्ग अक्षरांत येतात: 'ए' जागेवरच दुरुस्त होण्यासारखं, 'एसी' युनिटच्या आवाक्याबाहेर पण बाहेरचे कारागीर तिथंच येऊन करतील असं, 'बी' कारखान्यात न्यावं लागणारं, 'सी' उडण्यासाठी बाद पण जमिनीवर शिकवायला चालणारं, 'ई' पूर्ण बाद. १९४० च्या नोंदींत मात्र आकडे असतात, अक्षरं नाहीत. कार्डावरची तारीख ही कागद सरकल्याची तारीख असते. विमान प्रत्यक्षात दोन-चार दिवस आधी किंवा नंतर हललेलं असू शकतं.

'पाच विमानं पाडली' हे कितपत खरं धरायचं?

दावा म्हणून खरं, मोजणी म्हणून तपासून. तेव्हा दाव्यांचे तीन प्रकार होते: नष्ट, बहुधा नष्ट आणि नुकसान. शिवाय दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटा. बाहेरचे लेख या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा देतात. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, जर्मन कागदांवरून प्रत्यक्ष नुकसान साठाच्या आसपास निघालं. कुणी खोटं बोललं असं नाही. एकाच धुरावणाऱ्या विमानावर तिघं गोळ्या झाडत होते आणि तिघांनीही ते पडताना पाहिलं.

स्क्वाड्रनचं यश विमानाच्या खात्यात ओढू नका. ६०५ स्क्वाड्रनचे आर्ची मॅककेलर यांच्या नावावर ७ ऑक्टोबर १९४० या एका दिवसात पाच मेसरश्मिट (जर्मन लढाऊ विमानं) आहेत. ५४१ वर त्यांच्या नावापुढं कोणता क्रमांक आहे ते बघितल्याशिवाय त्यातलं एकही कोणत्या विमानाला द्यायचं नाही. पदकाच्या मानपत्रांचंही तसंच. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर नॅट हे छोटं लढाऊ जेट घेऊन झुंजलेले निर्मलजीतसिंग सेखों यांना परमवीरचक्र मिळालं, पण मानपत्र माणसाचं असतं. विमानाचा क्रमांक दुसरीकडं शोधावा लागतो.

धुऱ्यावर पितळी पुंगळ्या सापडल्या. इथं विमानांची लढाई झाली होती का?

विदर्भावर हवाई लढाई झालेली नाही. .३०३ ची गोळी विमानातही होती आणि पायदळाच्या व पोलिसांच्या रायफलीतही. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' असेल तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, सोबत साल असतं. ती बहुधा चांदमारीची किंवा शिकारीची निघते.

पण पुंगळी रिकामी नसेल, टोकाला गोळी असेल, किंवा जडशीळ, पंख असलेली, मातीत अर्धी रुतलेली वस्तू दिसली तर हात लावू नका, पाणी ओतू नका, बंडीत घालून घरी आणू नका. जागेवर लांबून खूण करा आणि ११२ ला फोन करा. पुलगावच्या परिसरात जुन्या दारूगोळ्यानं माणसं मेली आहेत, २०१८ मध्ये सोनेगाव (आबाजी) इथं सहा जण गेले. भंगारात तांब्या-पितळेला भाव असतो हे खरं, पण हा भंगाराचा विषय नाही.

पत्रा विमानाचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी लोहचुंबक लावा. विमानाचा पत्रा बहुधा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, चुंबक धरत नाही आणि आकाराच्या मानानं हलका लागतो. मग रिव्हेटच्या ओळी बघा. विमानात त्या सरळ आणि सारख्या अंतरावर असतात. जिनिंगच्या जुन्या यंत्राचा किंवा टाकीचा पत्रा इथंच बाद होतो. मग मागची बाजू कोमट पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसून उन्हात तिरपी धरा. 'अल्क्लॅड २४ एसटी' अशी छपाई दिसली तर पत्रा अमेरिकी. 'सीबीएएफ' ठोकलेलं असेल तर स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या कॅसल ब्रॉमविच कारखान्याचा. आत पिवळट हिरवा रंग अमेरिकी विमानांत नेहमी दिसतो, राखाडी-हिरवा ब्रिटिशांत. रशियन अक्षरं असतील तर महायुद्ध विसरा, तो मिग-सुखोईसारख्या नंतरच्या रशियन बनावटीच्या विमानाचा भाग असतो.

हरिकेनबाबत एक गोष्ट. तिच्या मागच्या अर्ध्या धडाला पत्रा नव्हताच. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं आणि डोप (कापड घट्ट करणारं रोगण) चोपडलेलं लिननचं कापड. आपल्याकडं उघड्यावर राहिलं की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत कापड जातं, मग लाकूड वाळवीच्या ताब्यात. उरतात त्या नळ्या. म्हणून 'हरिकेनच्या शेपटीचा पत्रा' म्हणून कुणी काही विकत असेल तर पाकीट खिशात ठेवा.

सुट्या नळीवर किंवा पत्र्यावर भागाचा क्रमांक असतो, विमानाचा नाही. तो क्रमांक जात सांगेल. 'हेच विमान' एवढं सांगणारी वस्तू म्हणजे कारखान्याची पट्टी, आणि तीही तिच्या जागी रिव्हेटनं बसलेली असेल तर.

घड्याळासारखी डायल मिळाली, अंधारात चमकायची म्हणतात.

काच उघडू नका, रंग खरवडू नका. महायुद्धातल्या चमकणाऱ्या डायलांवर रेडियमचा रंग असे. चमक विझली तरी रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. धोका आहे तो त्याची धूळ श्वासात किंवा पोटात जाण्याचा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर आणि झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा.

गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा अकोल्याच्या शिवणीला लढाऊ विमानं होती का?

दोन्ही धावपट्ट्या महायुद्धाच्या काळातल्या, बिरसीची १९४० ची. धावपट्टी होती यावरून अमुक विमान तिथं उतरलं असं सिद्ध होत नाही. उतरल्याची नोंद लागते: त्या विमानाच्या वैमानिकाचं लॉगबुक किंवा त्या ठिकाणच्या युनिटची वही. लढाऊ विमानांचा पल्ला कमी असल्यानं पूर्वेकडच्या आघाडीवर जाताना ती टप्प्याटप्प्यानं जायची, म्हणून एका रात्रीचा मुक्काम शक्य असतो. 'शक्य' हा शब्द लिहिताना तसाच ठेवा. गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी जरूर उतरवा, पण त्यांना पोळा, पेरणी, मोठा पूर असं काहीतरी धरून साल विचारा. 'इंग्रजांच्या वेळी' यात पंधरा वर्षांचा फरक मावतो.

आमच्या आबाजींकडे वॉर फंडाची, म्हणजे महायुद्धासाठी दिलेल्या वर्गणीची पावती आहे. त्या पैशानं कोणतं विमान आलं?

पावती पैसे दिल्याचा पुरावा, विमानाचा नाही. तेव्हा ५,००० पौंड जमवणाऱ्याला एका स्पिटफायरवर नाव लिहून मिळायचं. रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेनी धरला तर हे सुमारे ६६,६६७ रुपये होतात. एका गावाच्या आवाक्यातली ही रक्कम नव्हती, म्हणून वर्गणी वर जाऊन प्रांताच्या किंवा संस्थानाच्या नावात मिसळायची. वऱ्हाडचा गुंता वेगळाच: कागदोपत्री निजामाचा, कारभार मध्य प्रांताचा. निजामाच्या देणगीमुळे १५२ स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळालं, तिच्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण आहे, आणि हीच स्क्वाड्रन पुढं स्पिटफायर घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. तरीही अमरावतीची पावती म्हणजे या स्क्वाड्रनचं विमान असा धागा जोडता येत नाही. विमानावर नेमकं कोणतं नाव रंगवलं होतं ते कळलं तरच क्रमांकापर्यंत जाता येतं.

आबाजी वायुदलात होते, पण वैमानिक नव्हते. त्यांचं विमान शोधता येईल?

फिटर, रिगर, आर्मरर अशा जमिनीवर विमानांची कामं करणाऱ्यांची नावं ५४१ वर येत नाहीत. त्यांची स्क्वाड्रन आणि तारखा कळल्या तर त्या काळात तिथं असलेली विमानं काढता येतात. एकच विमान ठरवायला बहुधा फोटो लागतो. उदाहरणार्थ, ते एक नंबर स्क्वाड्रनमध्ये १९४४ ला इंफाळला असतील तर अर्जनसिंग यांच्या हाताखाली, हरिकेनांवर. सेवापुस्तिका हरवली असेल तर एअरमनच्या नोंदींसाठी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला सेवा क्रमांक देऊन लिहा. मार्ग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय दाखवतं. नाव इंग्रजीत कसं लिहिलं होतं ते महत्त्वाचं. वानखडे, वानखेडे, वानखेड अशी तिन्ही रूपं देऊन टाका.

१९६५ आणि १९७१ च्या विमानांचं काय?

तिथं क्रमांकाची पद्धत आपली. हंटरला 'बीए', नॅटला 'आयई' किंवा 'ई', मिग-२१ एफएलला 'सी'. स्क्वाड्रनच्या मूळ वह्या सहज बघायला मिळत नाहीत. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हायला हव्यात. माहितीच्या अधिकारात केंद्राच्या पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'संपूर्ण इतिहास द्या' लिहू नका, तो परत येतो. 'अमुक क्रमांकाचं विमान अमुक तारखेला कोणत्या स्क्वाड्रनकडे होतं' असा एकच प्रश्न विचारा. कलम ८(३) मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या माहितीबद्दल सवलत आहे, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद त्यातही कायम आहे.

दोन देशांच्या नोंदी भांडतात तेव्हा काय करायचं याचं चांगलं उदाहरण म्हणजे नॅट आयई १०८३. ३ सप्टेंबर १९६५ ला ते पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, वैमानिक ब्रिजपालसिंग सिकंद युद्धकैदी झाले आणि विमान आज कराचीच्या संग्रहालयात आहे. एवढं दोघंही मान्य करतात. पाकिस्तान म्हणतं आमच्या स्टारफायटर जेटनं उतरायला भाग पाडलं. भारतीय बाजू म्हणते ते साथीदारांपासून तुटले आणि धावपट्टी आपली समजून उतरले. अशा वेळी मान्य भाग आधी, वेगळा लिहायचा, आणि मग दोन्ही बाजू त्यांच्या नावानं. मधलाच एक तिसरा किस्सा आपण तयार करायचा नाही.

शाळेतल्या चौथऱ्यावरच्या विमानावर क्रमांक आहे. तोच धरायचा ना?

रंगवलेला क्रमांक हा सगळ्यात कच्चा पुरावा. दर दोन-चार वर्षांनी पेंटर रंग देतो आणि आधीचं पुसट झालेलं अंदाजानं लिहितो, ३ चा ८ होतो. चाकाच्या खोबणीत, इंजिनाच्या झाकणामागं, कॉकपिटच्या चौकटीवर पट्टी शोधा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, सकाळी जा (मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही), आणि आत हात घालायच्या आधी काठीनं ठोका. मधमाश्या आणि साप दोन्ही असतात. कॉकपिटमध्ये खुर्ची असेल तर बसू नका, कुठलाही दांडा ओढू नका.

वस्तू जपायची कशी?

चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, भांड्याची पावडर, यातलं काहीही नको. ड्युरॅल्युमिनवर पांढरी भुकटी धरते ती पोलादी बोल्ट जिथं लागून असतो तिथं आधी, कारण ओल मिळाली की दोन धातूंत विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, स्वच्छ पाण्यानं पुसा, सावलीत दोन दिवस वाळवा, पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. मूळ रंगाचा नखाएवढा कपचा असेल तरी तो तसाच ठेवा, कारण कागद हरवतात तेव्हा तोच साक्ष देतो. बोरिंगचं खारं पाणी वापरू नका. ठेवायची जागा टिनाच्या शेडमध्ये नको आणि कूलरच्या झोतातही नको.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, एक समोरून आणि एक तिरप्या उजेडात. ठोकलेली अक्षरं तिरप्या उजेडातच उठतात.

आर ४११८ दुरुस्त केलं, इंजिन-कापड बदललं. मग ते तेच विमान कसं?

बंडीचा आख बदलला, चाकं नवी केली, उभाऱ्या बदलल्या, तरी बंडी आबाजींचीच म्हणतो ना आपण? कारण ती एका दिवसात बदलली नाही आणि अंगणातून कधी हलली नाही. विमानाचंही तसंच बघतात: मूळ सांगाडा, मूळ पट्टी आणि कागदांची न तुटलेली साखळी. आर ४११८ कुठं कापलं-विकलं गेलं नव्हतं, एका जागी उभं होतं, हीच त्याची मजबुती. याउलट नुसती पट्टी हातात घेऊन बाकी सगळं नवं उभारलेली विमानंही जगात उडतात. ती वाईट नाहीत, पण त्यांच्यावर '४९ लढाऊ उड्डाणं केलेलं विमान' असं लिहिताना हात थोडा थांबावा.

एकाच घटनेच्या वेळा दोन कागदांत तासाभरानं वेगळ्या आहेत. कोणती खरी?

बहुधा दोन्ही. ब्रिटनमध्ये १९४० च्या उन्हाळ्यात घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढं होतं, आणि १९४१ पासून उन्हाळ्यात दोन तास. जर्मन कागद त्यांच्या घड्याळानं. भारतात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ प्रमाणवेळ तासभर पुढं, म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास पुढं होती. मुंबई आणि कलकत्त्याची स्थानिक वेळ काही ठिकाणी त्याशिवाय. वहीत सगळ्या वेळा ग्रिनिचमध्ये बदलून एक वेगळा रकाना करा, आणि मूळ वेळ खोडू नका.